अंगणातले आकाश, आकृतीतले आकाश

अध्यापक विद्यालयात मी परिसर अभ्यासाची अध्यापन पद्धती शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. साल १९८६ असावे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी असलेल्या एका खेड्यातल्या शाळेत आमच्या छात्राध्यापकांचे सराव पाठ चालू होते. पाठाचा घटक होता ‘दिवस आणि रात्र’. छात्राध्यापकाने तयारी चांगली केली होती. खिडक्यांना घोंगड्या लावून वर्ग अंधारा केला होता, टेबलावर पृथ्वीगोल होता, हातात बॅटरी होती. प्रस्तावनेचा प्रश्न म्हणून त्याने विचारले, “रात्री सूर्य कुठे जातो?” तिसऱ्या रांगेतला एक मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, “डोंगराच्या पल्याड जातो गुरुजी. माझ्या मामाच्या गावाला.”

वर्ग हसला, छात्राध्यापक हसला, मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेला मीही हसलो. “चूक. खाली बस. सूर्य कुठेही जात नाही, पृथ्वी फिरते,” असे सांगून छात्राध्यापकाने बॅटरी पेटवली. मी वहीत शेरा लिहिला : अयोग्य उत्तरावर वेळ न दवडता मूळ विषयाकडे वळलात, हे चांगले. त्याच्या पाठ टाचणात ‘पूर्वज्ञान’ असा एक रकाना होता आणि त्यात ‘विद्यार्थ्यांना सूर्य माहीत आहे’ असे वाक्य होते. मुलाच्या उत्तराचा त्या रकान्याशी काही संबंध आहे, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही. तो मुलगा पाठ संपेपर्यंत पुन्हा हात वर करताना दिसला नाही.

निवृत्तीनंतर लहान मुलांसाठी मराठीत आकाशाविषयी जे लिहिले, गायले आणि छापले गेले ते मी सवडीने वाचू लागलो. बडबडगीते, क्रमिक पुस्तकांतले पाठ, माहितीची सचित्र पुस्तके, एकोणिसाव्या शतकातले शास्त्रीय ग्रंथ असे हाती लागेल ते वाचले. वाचताना तो शेरा मला वारंवार आठवत राहिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाची मांडणी आहे, आणि काही अंशी त्या शेऱ्याची दुरुस्तीही आहे.

एक जुना न्याय

कोणत्याही वाङ्मयप्रकाराची समीक्षा करायची तर हाताशी एखादा निकष लागतो. मुलांच्या शास्त्रीय लेखनाला आपण सहसा दोनच निकष लावतो : माहिती बरोबर आहे का, आणि भाषा सोपी आहे का. दोन्ही रास्त आहेत, पण पुरेसे नाहीत. मला तिसरा निकष सापडला तो आपल्याच परंपरेत. लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवण्याची रीत आहे. सप्तर्षींतल्या वसिष्ठाला खेटून असलेली ही चांदणी इतकी मंद, की नुसते बोट दाखवून ती दिसत नाही. म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की म्हणायचे, ही नव्हे, हिच्या अगदी शेजारची. यालाच शास्त्रकार ‘स्थूलारुंधती न्याय’ म्हणतात. जे दिसते त्यावरून, जे सहज दिसत नाही त्याकडे न्यायचे. पहिली पायरी काटेकोर अर्थाने खरी नसते, पण तिच्यावाचून दुसरी चढता येत नाही.

या न्यायात एक गोष्ट गृहीत आहे, आणि लेखाचा सारा भार मी तिच्यावर टाकणार आहे. दाखवणारा आणि पाहणारा एकाच ठिकाणी उभे आहेत. पाहणाऱ्याला जिथून दिसते तिथूनच दाखवणारा बोट दाखवतो. म्हणून मुलांसाठी आकाशाविषयी लिहिलेल्या प्रत्येक मजकुराला आणि चित्राला मी हा प्रश्न विचारला : यात मूल कुठे उभे आहे?

गाण्यातले अंगण

आपल्या बडबडगीतांपुरते उत्तर सोपे आहे. तिथे मूल अंगणात किंवा आईच्या कडेवर असते. चंद्र मामा असतो, तो दमतो, झाडाआड दडतो, रुसतो. शास्त्राच्या नावाने या गाण्यांकडे नाक मुरडणारे शिक्षक मी पाहिले आहेत. काही वर्षे मीही त्यांतलाच होतो. आता वाटते, की यांतले निरीक्षण पक्के आहे. चंद्र झाडाआड दडतो हे अंगणातून पाहणाऱ्याला दिसणारे खरे दृश्य आहे. मूल दोन पावले बाजूला सरकले की चंद्र झाडाच्या फांदीतून बाहेर येतो, आणखी चालले की पुन्हा लपतो. चंद्र आपल्यासोबत चालतो असे प्रत्येक मुलाला वाटते, कारण तो फार लांब आहे आणि झाड जवळ आहे. अंतराचा पहिला धडा तिथे आहे. फक्त तो कोणी उलगडून दाखवत नाही.

त्याहून मोलाची गोष्ट ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीच्या गाण्यात आहे. हे गाणे येत नाही असे मराठी मूल विरळा. गाडीत बसून मामाच्या गावाला निघालेल्या मुलाला त्यात बाहेरची झाडे पळताना दिसतात. झाडे पळत नाहीत, गाडी पळते, हे त्या मुलाला ठाऊक असते. तरी झाडे पळतात असे म्हणण्यात त्याला गंमत वाटते आणि खोटे बोलल्याची टोचणी लागत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या मनात दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात. नेमका हाच दाखला आर्यभटाने इसवी सन ४९९ मधल्या आपल्या ग्रंथात दिला आहे. तिथे गाडीऐवजी नाव आहे : नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. आर्यभटाची नाव आणि गदिमांची गाडी यांत दीड हजार वर्षांचे अंतर आहे, पण पाहणारा दोन्हीकडे आतच बसलेला आहे.

म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याची कल्पना समजायला लागणारे सगळे साहित्य मराठी मुलाच्या तोंडी शाळेत जाण्याआधीच असते. शाळा ते वापरते का, हा पुढचा प्रश्न.

एकोणिसाव्या शतकाचे शहाणपण

मराठीत छापील शास्त्रीय लेखन सुरू झाले तेव्हा लेखकांपुढची अडचण आजच्याहून मोठी होती. वाचकाच्या मनात पुराणातली सपाट पृथ्वी, मेरू पर्वत आणि सात समुद्र होते. सिहोर येथे लॅन्सेलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापूंनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला. त्यामागची युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. कोपर्निकसला एकदम पुढे न करता आधी भास्कराचार्यांना बोलावायचे. पृथ्वी गोल आहे, निराधार आहे, तिच्या पलीकडच्या बाजूची माणसे खाली पडत नाहीत, हे सारे ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त आहेच. पृथ्वी सपाट का भासते याचे उत्तरही तिथे आहे : मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो आणि माणूस तर त्यापुढे फारच लहान. वाचक ज्याला मान देतो त्याचे बोट धरून गोल पृथ्वीपर्यंत यायचे आणि मग पुढे फिरत्या पृथ्वीकडे वळायचे. भास्कराचार्यांना पृथ्वीचे फिरणे मान्य नव्हते, ती पायरी नंतरची. हा स्थूलारुंधती न्यायच झाला.

दुसरा ग्रंथ शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘ज्योतिर्विलास’, १८९२ सालचा. दीक्षित रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा त्यांचा इतिहास १८९६ मध्ये आला आणि अभ्यासकांत गाजला, पण सामान्य वाचकासाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ आधी लिहिले होते. त्याचे पर्यायी नाव आहे ‘रात्रीची दोन घटका मौज’. या चार शब्दांतही एक शिक्षणदृष्टी आहे. अभ्यासाची वेळ रात्रीची. अवधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, शाळेच्या एका तासाएवढा. आणि हेतू मौज. उघड्यावर उभे राहून वर पाहणारा वाचक या नावातच गृहीत आहे. आपल्या शाळा दिवसा भरतात आणि ताऱ्यांचा धडा उन्हात शिकवला जातो, या विसंगतीकडे शिक्षकी पेशातल्या माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी असे हसतमुखाने बोट दाखवले होते.

आकृतीतले आकाश

त्यानंतर आपण जे गमावले ते मला एका चित्रात एकवटलेले दिसते. ते चित्र प्रत्येक वाचकाने पाहिले आहे. डावीकडे पिवळा सूर्य, त्यातून निघालेले समांतर बाण, उजवीकडे अर्धा उजळ आणि अर्धा काळा गोल. खाली लिहिलेले : दिवस, रात्र. आकृती शास्त्रीयदृष्ट्या चूक नाही. पण यात मूल कुठे उभे आहे? सूर्य आणि पृथ्वी या दोहोंपासून दूर, काळ्या पोकळीत, जिथे आजवर कोणी मूल गेलेले नाही. त्या जागेवरून सूर्य उगवतही नाही आणि मावळतही नाही. ज्या अनुभवाचा उलगडा करायचा, तोच अनुभव आकृतीतून बाद झालेला असतो.

आकृतीसोबत येणारी भाषाही तपासावी. ‘परिवलन’ आणि ‘परिभ्रमण’ या दोन शब्दांची गल्लत हा परीक्षेतला हमखास जाणारा गुण. मुलांच्या तोंडी ‘गिरकी’ आणि ‘फेरा’ हे शब्द असतात, भोवरा असतो, मंदिराची प्रदक्षिणा असते. पण मला अधिक खटकतो तो ‘भासमान’ हा शब्द. सूर्याचे भ्रमण ‘भासमान’ आहे असे वाचले, की तुझ्या डोळ्यांनी दिसते ते खोटे, पुस्तकात आहे ते खरे, असाच अर्थ मुलाच्या मनात उतरतो. वास्तविक आपल्या जागेवरून सूर्य सरकतो हे अचूक निरीक्षण आहे. सूर्योदयाच्या वेळा रोज छापणारी पंचांगे आणि वेधशाळाही त्याच भाषेत बोलतात. ते दृश्य खोटे ठरत नाही, त्याचे कारण निराळे निघते, एवढेच. आगगाडीतल्या मुलाला हे समजते. वर्गातल्या त्याच मुलाला आपण गोंधळात टाकतो.

या गोंधळाचा माग संशोधकांनी घेतला आहे. स्टेला वोस्निआदू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये पहिली, तिसरी आणि पाचवीतल्या ६० मुलांशी बोलून १९९२ आणि १९९४ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. पृथ्वी गोल आहे असे मुले सांगत; पण खोदून विचारले की काहींची पृथ्वी थाळीसारखी निघे, काहींच्या मते लोक पोकळ गोलाच्या आत सपाट जमिनीवर राहत, तर काहींच्या पृथ्वी दोन होत्या, एक पायाखालची आणि एक आकाशातली गोल. रात्र का होते या प्रश्नावर ढग सूर्याला झाकतात, सूर्य डोंगराआड जातो, अशी उत्तरे येत. माझ्या वर्गातला मुलगा एकटा नव्हता तर! याच संशोधकांनी आला समरपुंगवन यांच्यासह हैदराबादच्या मुलांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे काही मुलांच्या वर्णनात पृथ्वी पाण्यावर टेकलेली होती. घरी ऐकलेल्या कथा आणि शाळेतला गोल यांची सांगड त्यांनी आपल्या परीने घातली होती.

या निष्कर्षांवर पुढे आक्षेपही आले. काही ब्रिटिश संशोधकांनी म्हटले, की मुलांना चित्र काढायला लावून उलटसुलट विचारल्यामुळे अशी उत्तरे तयार होतात; आयत्या चित्रांतून निवडायला सांगितले तर पोकळ पृथ्वी फारशी कोणी निवडत नाही. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. मुलांच्या मनात खरोखरच दोन पृथ्व्या असतात की प्रश्नाच्या दबावाखाली त्या तयार होतात, हा वाद मी सोडवू शकत नाही. पण दोन्ही पक्ष खरे धरले तरी एक गोष्ट उरते. पायाखालची जमीन आणि चित्रातला गोल यांचा सांधा मुलाला स्वतः जुळवावा लागतो, कारण पुस्तक तो जुळवून देत नाही.

तो सांधा जुळवण्याचे काम मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झाले. शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी, ग्रामीण आणि शहरी वस्त्यांतल्या शाळकरी मुलांबरोबर काम करताना हातांच्या खुणा, शरीराच्या हालचाली आणि आकृत्या यांची जाणीवपूर्वक साखळी बांधली. मुलाने आधी स्वतः गिरकी घ्यायची, हाताने क्षितिज दाखवायचे, मग कागदावर यायचे. अंगण आणि अवकाश यांच्यामधला पूल म्हणून मुलाचे शरीरच वापरण्याची ही कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. क्रमिक पुस्तकांच्या लेखकांनी ती अजून पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही.

माहितीचा पाऊस

सचित्र माहितीपुस्तकांविषयी थोडक्यात. सूर्यात तेरा लाख पृथ्व्या मावतील, अमुक तारा इतके प्रकाशवर्षे दूर, अशा आकड्यांची त्यांत खैरात असते. आकडे बहुधा बरोबर असतात. चुका असतात त्या मुलाला स्वतः पडताळता येतील अशा गोष्टींत. चंद्रकोरीच्या पोटात चांदणी काढलेली असते, जणू चंद्राचा न दिसणारा भाग तिथे नाहीच. चंद्र फक्त रात्रीच्या चित्रात असतो. सप्तमी-अष्टमीचा चंद्र दिवसाउजेडी किती तास आकाशात असतो, हे कोणी दाखवत नाही. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो असे बिनदिक्कत छापलेले असते. पुण्यात तो बरोबर डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच, मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस. आणि पुण्याची मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते, कारण आपले घड्याळ ८२.५ रेखांशाचे आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला. अंगणात काठी रोवून ही चूक तिसरीतले मूल पकडू शकेल. पण काठी रोवायला सांगणारे पुस्तक हवे.

मृग लागतो, पण दिसत नाही

याउलट, ज्यांच्या घरात पुस्तके नव्हती त्यांच्याकडे आकाश होते. खेड्यातल्या मुलाला ‘मृग’ हा शब्द ताऱ्यांआधी पावसामुळे कळतो. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो, पेरणीची घाई होते. मग आर्द्रा, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य. एखाद्या चौकस मुलाने जूनच्या रात्री मृग नक्षत्र शोधले तर त्याला ते सापडायचे नाही. मृग लागला याचा अर्थ सूर्य मृगात आला. तेव्हा ते तारे दिवसा सूर्याबरोबर आकाशात असतात आणि त्याच्या तेजात लोपतात. तेच मृग जानेवारीच्या संध्याकाळी ठळकपणे डोळ्यांत भरते, मधल्या तीन ताऱ्यांच्या बाणासह. दिवसा तारे कुठे जातात, या प्रत्येक बालकाच्या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहे : ते कुठेच जात नाहीत. मी वाचलेल्या पाठांत या दोन गोष्टी एका पानावर आलेल्या मला आढळल्या नाहीत.

तीच गोष्ट ताऱ्यांच्या नावांची. पुस्तकात क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ, मरीची ही यादी पाठ करायची असते. गावाकडची आजी त्याच ताऱ्यांना बाज म्हणते. चौघे तिचे खूर आणि मागचे तिघे चोर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गोंड लोकांच्या आकाशाविषयी २०१३ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यातही सप्तर्षींच्या जागी म्हातारीची खाट आणि चोर आहेत, आणि मृगाच्या ताऱ्यांत शेतीचे अवजार आहे. ऋषींची नावे शिकवू नयेत असे माझे म्हणणे नाही. पण ज्या मुलाच्या घरी बाज आहे त्याला आधी बाज दाखवली तर सात तारे त्याला जन्मभर सापडतील.

दोन्ही जागा

इथे एका सोप्या निष्कर्षाचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. लोकपरंपरा तेवढी चांगली आणि शाळा वाईट, असे मला म्हणायचे नाही. अंगणातले आकाश सुंदर असले तरी तिथेच थांबलेल्या मुलाला ग्रहणाची भीती वाटते, आणि पोथीतले राहू-केतू कोणी पुढे केले तर त्याच्यापाशी उत्तर नसते. पृथ्वी फिरते हे मुलाला कळलेच पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे आणि सोबतीचा आहे. अंगण सोडून आकृतीत जायचे असे नाही. आकृतीत जाऊन पुन्हा अंगणात परत यायचे. माझ्या छात्राध्यापकाची घोंगडी, बॅटरी आणि गोल हे साहित्य वाईट नव्हते. त्याने त्या गोलावर एक तांदळाचा दाणा चिकटवून ‘हे आपले गाव, हा आपला डोंगर’ एवढे म्हटले असते, तर मुलाला बोलायला जागा राहिली असती.

यंदा उन्हाळ्यात माझी सात वर्षांची नात सुट्टीला आली होती. तिच्यासाठी पृथ्वीगोल स्टँडवरून काढला आणि गच्चीवर उन्हात नेऊन चुंबळीवर ठेवला. पुणे सर्वांत वर येईल आणि उत्तर ध्रुव उत्तरेकडे राहील असा तो फिरवला. असे केले की गोलाचा आस खऱ्या पृथ्वीच्या आसाशी समांतर होतो. ध्रुवतारा पुण्याच्या क्षितिजावर साडेअठरा अंश उंच असतो, तेवढाच तो कललेला दिसतो. मग बॅटरीची गरज उरत नाही. खरा सूर्यच गोलाचा अर्धा भाग उजळतो, आणि ज्या देशांवर गोलात ऊन आहे त्यांच्यावर त्या क्षणी खरोखर ऊन असते. पुण्यावर मेणाने आगकाडीचा तुकडा उभा केला. त्याची सावली आणि गच्चीवरच्या काठीची सावली एकाच दिशेला पडली. नातीने दोन्हीकडे आळीपाळीने पाहिले. ती एकाच वेळी गच्चीवरही होती आणि गोलावरही.

संध्याकाळी साडेसातला सुनेच्या भावाचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला. नातीच्या मामाच्या मागे खिडकीत सकाळचे ऊन होते. आमच्याकडे अंधार पडला होता. ती काही वेळ त्या खिडकीकडे पाहत राहिली आणि मग मला म्हणाली, “आजोबा, आपला सूर्य मामाकडे गेलाय.”

मी नकाशा काढला. सातारा साधारण ७४ रेखांशावर, चिपळूण साडेत्र्याहत्तरवर. एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे चिपळूणकडे सूर्य साताऱ्यापेक्षा सुमारे दोन मिनिटे उशिरा मावळतो. डोंगराच्या पायथ्याच्या गावाला तर तो डोंगराआड गेल्यामुळे त्याही आधी दिसेनासा होतो. त्या मुलाच्या गावात सावली पडली तेव्हा त्याच्या मामाच्या गावात खरोखर ऊन होते. त्याने हे कधीतरी पाहिले असेल, किंवा मामाकडून ऐकले असेल, किंवा नुसते ताडले असेल. त्याला “तिथून पुढे सूर्य कुठे जातो रे?” एवढे विचारले असते, तर समुद्र, आफ्रिका, अमेरिका आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेकडून परत, असा पृथ्वीचा पूर्ण फेरा त्या एका तासात झाला असता. आणि शेवटी, जाणारा सूर्य की गाडी, हा प्रश्न आगगाडीच्या गाण्याने सुटला असता. उत्तर अयोग्य नव्हते. अपुरे होते, आणि ते पुरे करण्याची जबाबदारी आमची होती. तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला असेल.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. वर्षातल्या उत्तम तारकादर्शनाच्या रात्रींपैकी ती एक असू शकली असती, पण शहरात रोषणाई आणि फटाक्यांच्या धुरातून फार थोडे तारे दिसतात. २०२४ साली विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसराला ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अंधार राखून ठेवावा लागतो, अशी वेळ आली आहे. तरीही पाडव्यानंतर एखाद्या रात्री साडेआठच्या सुमारास घरातल्या मुलाला घेऊन गच्चीवर जावे आणि पूर्वेकडे पाहावे. कृत्तिकांचा लहानसा झुबका वर आलेला असेल. पंधरा दिवसांनी पूर्ण चंद्र त्यांच्या आसपास येईल, म्हणून महिना कार्तिक. एवढे सांगायला दोन घटकाही लागत नाहीत. आणि मूल काही वेगळेच बोलले, तर ते आधी नीट ऐकून घ्यावे.